पी०४०१ आला म्हणून लगेच ईजीआर व्हॉल्व्ह बदलू नका, आधी एवढं तपासा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की २०१४ ची स्विफ्ट डिझेल, सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली, नाशिकमध्येच रोजचं इंदिरानगर ते अंबड जाणं-येणं, चेक इंजिनचा लाइट लागलाय आणि स्कॅनरला पी०४०१ म्हणजे ईजीआरचा (जळलेला गॅस परत इंजिनमध्ये सोडणाऱ्या सिस्टीमचा) फ्लो कमी असा कोड आलाय. हायवेला ओव्हरटेक करताना गाडीत दम नाही आणि मुंबईहून परतताना कसारा घाट चढताना मागे काळा धूर दिसतो. एक गॅरेजवाला म्हणतो नवीन व्हॉल्व्ह टाका, दुसरा म्हणतो पत्रा मारून देतो, म्हणजे ईजीआरचा रस्ता पत्र्याने बंद करतो, पाचशे रुपयात काम होईल.

माझं सरळ म्हणणं, दोन्ही आत्ताच करू नका. कारण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांमध्ये एक गोष्ट जुळत नाहीये. ईजीआरचा फ्लो खरंच कमी असेल तर धूर कमी व्हायला पाहिजे, वाढायला नको. तुमचा वाढलाय. म्हणजे कोड जे बोलतोय त्याच्या मागे वेगळं काहीतरी असायची शक्यता बरीच मोठी आहे आणि ते शोधायला महागडा पार्ट लागत नाही, अर्धा-पाऊण तास शांतपणे चेकिंग लागतं.

आधी ही सिस्टीम करते काय ते बघू, कारण हे समजलं की पुढच्या टेस्ट आपोआप कळतात. सिलेंडरमध्ये जळण होताना टेम्परेचर साधारण १५०० अंशांच्या पुढे गेलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड म्हणजे नॉक्स झपाट्याने तयार व्हायला लागतो. हे टेम्परेचर खाली ठेवायला सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडतात. त्या गॅसमध्ये ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड नि पाण्याची वाफ जास्त, त्यामुळे जळण जरा मंद होतं आणि उष्णता शोषली जाते. डिझेलमध्ये हा व्हॉल्व्ह आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) आणि हलक्या पायाने चालवताना उघडा असतो, फुल रेस दिली की बंद होतो कारण तेव्हा इंजिनला सगळी ताजी हवा पाहिजे. पेट्रोलमध्ये उलट, आयडलला पूर्ण बंद पाहिजे, थोडा जरी उघडा अडकला तरी गाडी सिग्नलला मिसिंग करते, थरथरते, बंद पडते. म्हणून पेट्रोलवाल्याचा सल्ला डिझेलला चालत नाही हे लक्षात ठेवा, लोक सर्रास मिसळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ईसीयूला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला ईजीआरचा गॅस दिसतच नाही. तुमच्यासारख्या डिझेल गाड्यांत त्या गॅसचा फ्लो मोजणारा वेगळा सेन्सर नसतो. ईसीयू बघतो तो एअर फिल्टरच्या पुढे बसलेला एअर फ्लो सेन्सर, ज्याला आपण एमएएफ म्हणतो. हिशोब साधा आहे, सिलेंडरला एका स्ट्रोकला ठरावीकच गॅस मावतो, त्यात जेवढा जुना गॅस घातला तेवढी ताजी हवा कमी येणार, म्हणजे व्हॉल्व्ह उघडला की एमएएफचा आकडा पडला पाहिजे. ईसीयूकडे त्या आरपीएम-लोडला किती हवा यायला हवी याचं टार्गेट असतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही हवा टार्गेटच्या वरच राहिली की पी०४०१, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही हवा टार्गेटच्या खालीच राहिली की पी०४०२. म्हणजे पी०४०१ चा खरा अर्थ "एमएएफमधून माझ्या अंदाजापेक्षा जास्त हवा जातेय" एवढाच आहे. व्हॉल्व्ह खराब आहे असं तो कुठेच म्हणत नाही.

मग एमएएफमधून जास्त हवा कधी जाईल? एक, ईजीआरचा रस्ता कार्बनने बंद झाला असेल. दोन, व्हॉल्व्ह उघडतच नसेल. आणि तीन, टर्बोच्या (इंजिनमध्ये दाबाने हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) पुढे कुठेतरी होस फाटला असेल आणि मोजलेली हवा इंजिनमध्ये न जाता बाहेर पडत असेल. घराच्या नळाच्या मीटरवर युनिट वाढत राहतात पण टाकी भरत नाही कारण मधला पाइप फुटलाय, तसंच हे. ईसीयूला वाटतं भरपूर हवा आली, तो तेवढ्या हवेच्या हिशोबाने डिझेल टाकतो, प्रत्यक्षात सिलेंडरमध्ये हवा कमी, म्हणजे काळा धूर. पिकअप पण गेला कारण टर्बोचं प्रेशर बाहेर जातंय. वर त्याच एमएएफच्या आकड्यावरून तो म्हणतो ईजीआर कमी पडतोय आणि व्हॉल्व्ह आणखी उघडतो. बघा तुमची तिन्ही लक्षणं एका जागी बसली की नाही.

पिंपळगावच्या एका टोमॅटो व्यापाऱ्याची अशीच डिझेल गाडी माझ्याकडे आली होती, कोड हाच, एका ठिकाणी नवा व्हॉल्व्ह टाकून झालेला आणि कोड आठवड्याभरात परत. वरून सगळं चकाचक दिसत होतं. इंटरकूलरकडून (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडून) इंजिनकडे येणारा रबरी होस खालच्या बाजूने हाताने चाचपडला तर क्लॅम्पच्या जरा अलीकडे तेलकट ओल लागली, बोटाला काळी चिकट धूळ आली. तिथे अंगठ्याने दाबल्यावर होस ओठ उघडल्यासारखा उघडला, जेमतेम पेराएवढी चीर. इंजिन आयडलला असताना ती चीर बंद असते, प्रेशर आलं की उघडते, म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काहीच सापडत नाही. होस बदलला, क्लॅम्प नीट आवळले, धूर आणि कोड दोन्ही गेले. मूळचा जुना व्हॉल्व्ह निव्वळ चांगला होता.

म्हणून तुमच्या गाडीत सुरुवात तिथून करा. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड, दोन्ही होस खालून, वळणाच्या आतल्या बाजूने आणि क्लॅम्पच्या कडेला हाताने बघा, टॉर्च मारून. धूळ बसलेली तेलाची रेघ दिसली की तिथून हवा जातेय असं समजा. थोडं तेल होसच्या आत असणं नॉर्मल आहे, ब्रीदरमधून म्हणजे इंजिनमधली वाफ इनटेकला सोडणाऱ्या नळीतून येतं, पण बाहेर यायला नको. नक्की करायचं असेल तर स्मोक मशीन (पाइपात धूर सोडून गळती दाखवणारं) लावणाऱ्याकडे जा. ते नसेल तर एअर फिल्टरच्या बाजूने बंद करून रेग्युलेटर लावून अर्धा बारपर्यंत हवा द्यायची आणि साबणाचं पाणी फवारायचं, बुडबुडे सांगतात. कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरशिवाय डायरेक्ट देऊ नका, सील आणि होस दोन्ही जातील.

आता स्कॅनरकडे या. पहिली विनंती, कोड लगेच क्लिअर करू नका. कोडसोबत ईसीयूने त्या क्षणाचा फोटो ठेवलेला असतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात, त्यात आरपीएम, लोड, स्पीड, कूलंटचं टेम्परेचर असतं. क्लिअर केलं की तो पुरावा गेला. कोड जर ६० च्या स्पीडला हलक्या रेसवर लागला असेल तर एक दिशा, चढाला जोरात रेस दिल्यावर लागला असेल तर होसची शंका अजून पक्की. कूलंटचा आकडा खास बघा. गाडी १५-२० मिनिटं चालल्यावर तो ८० ते ९० मध्ये टेकला पाहिजे. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर कूलंटचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असेल तर ६०-६५ वरच घुटमळतो, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे थंडी कशी पडते माहितीये, तेव्हा तर वरच येत नाही. थंड इंजिनमध्ये ईसीयू ईजीआर नीट चालवत नाही आणि जे जळतं ते अर्धवट, कार्बन जास्त. इंदिरानगर ते अंबड एवढ्याशा अंतरात इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही पोचता, म्हणजे थर्मोस्टॅट चांगला असला तरी कार्बनला तुमचं रूटीन मदतच करतंय.

मग गाडी बंद ठेवून फक्त की ऑन करा आणि एमएपी म्हणजे मॅनिफोल्ड प्रेशर बघा. पुस्तकात किंवा व्हिडिओत १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे, इथे तो आकडा ९४-९५ च्या आसपासच येणार, तोच बरोबर. १०१ नाही आला म्हणून सेन्सर खराब असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इथे ८५ दाखवत असेल किंवा १०५ दाखवत असेल तर मात्र सेन्सर किंवा त्याचं वायरिंग बघा. गाडी चालवताना तिसऱ्या गिअरला २०००-२५०० आरपीएमला पूर्ण रेस दिली की हा आकडा दुपटीच्या आसपास चढायला हवा, गाडीगाडीनुसार फरक असतो, पण १३०-१४० ला रेंगाळत असेल तर हवा कुठेतरी जातेय किंवा टर्बोचं काम आहे. हे बघायला शेजारी माणूस बसवा, स्वतः चालवत मोबाइलकडे बघू नका.

एमएएफची परीक्षा गणितानेच होते आणि हे गणित मला फार आवडतं कारण त्याला ना कंपनीचं मॅन्युअल लागतं ना महागडा स्कॅनर. तुमचं इंजिन १२४८ सीसी, चार सिलेंडर, म्हणजे एकेक सिलेंडर ३१२ सीसी. नाशिकच्या उंचीवर ३० अंशाला एक लिटर हवेचं वजन साधारण १.०९ ग्रॅम. म्हणजे सिलेंडर शंभर टक्के भरला तर ३४० मिलिग्रॅम, प्रत्यक्षात आयडलला ८५ टक्क्यांच्या आसपास भरतो म्हणून एका स्ट्रोकला २९० मिलिग्रॅमच्या जवळपास. हा झाला ईजीआर बंद असतानाचा आकडा. गाडीचे आकडे मोबाइलवर दाखवणाऱ्या साध्या ब्लूटूथ डोंगलमध्ये तो ग्रॅम प्रति सेकंद दिसतो, तर चार सिलेंडरच्या गाडीला त्याला ३०,००० ने गुणून आरपीएमने भागायचं की मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक मिळतात. ८५० आरपीएमला ८ ग्रॅम आले तर २८२, झकास. ईजीआर बंद असूनही ५ च दाखवत असेल तर एमएएफ कमी वाचतोय, किंवा एअर फिल्टर चोंदलाय, किंवा एमएएफ आणि टर्बोच्या मधल्या पाइपात चीर आहे आणि न मोजलेली हवा आत शिरतेय. पण या तिघांनी पी०४०२ कडे जायला हवं, तुमच्या पी०४०१ कडे नाही. तुमच्याकडे हा आकडा जास्त यायला पाहिजे, आयडलला १०-११ दिसला तर सेन्सर जास्त वाचतोय. एमएएफ साफ करायचा तर त्याच्यासाठी मिळतो तोच स्प्रे, लांबून, पूर्ण सुकू द्यायचा. कापूस, ब्रश, पेट्रोल काहीही लावू नका, आतली फिल्म नाजूक असते.

ईजीआर बंद आहे हे कसं कळणार म्हणाल, तर बऱ्याच डिझेल गाड्या काही मिनिटं आयडलला उभ्या ठेवल्या की ईसीयू आपणहून ईजीआर बंद करतो. गरम इंजिनवर एसी बंद करून गाडी उभी ठेवा आणि एमएएफकडे बघत रहा, मध्येच आकडा ५ वरून ८ ला उडी मारेल आणि इंजिनचा आवाजही जरा बदलेल. तशी उडी दिसली तर व्हॉल्व्ह हलतोय, रस्ता मोकळा आहे, एमएएफ जिवंत आहे, तिन्ही गोष्टी एका दमात सिद्ध झाल्या. फुकटची टेस्ट आहे.

चांगला स्कॅनर असेल, लाँच, ऑटेल वगैरे, तर ॲक्च्युएटर टेस्टमधून व्हॉल्व्हला हुकूम देऊन बघायचं. इंजिन गरम, आयडलला, हळूहळू ० पासून २०, ४०, ६० टक्के. तीन आकडे एकाच स्क्रीनवर घ्या, हुकूम किती दिला, व्हॉल्व्हची पोझिशन किती झाली, एमएएफ किती पडला. पोझिशन हुकुमासोबत गेली आणि एमएएफही पडला तर व्हॉल्व्ह नि रस्ता ठीक, प्रश्न बाहेर आहे, परत होसकडे. पोझिशन गेली पण एमएएफ हललाच नाही तर रस्ता बंद, ईजीआर कूलर (तो गॅस कूलंटने थंड करणारा भाग) किंवा पाइप किंवा मॅनिफोल्डचं तोंड कार्बनने भरलंय. गाडी सेकंड हँड घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने गॅस्केटमध्ये पत्रा घातलेला असू शकतो, हे मी बरेचदा बघितलंय, गॅस्केटच्या कडेने चकचकीत पत्र्याची धार बाहेर डोकावत असते. पोझिशनच गेली नाही तर व्हॉल्व्ह जाम किंवा वायरिंग. आणि पोझिशन झटके खात, अडकत गेली तर आत कार्बन किंवा गिअर झिजलेला, अशा वेळी पी०४०४ म्हणजे व्हॉल्व्हच्या हालचालीत गडबड असल्याचा कोड पण सोबत असतो. डोंगलच्या ॲपमध्ये ईजीआर एरर नावाची एक ओळ असते, तिथे ९९ टक्के दिसलं की लोक घाबरतात. हुकूम शून्य असताना व्हॉल्व्ह किंचित जरी उघडा वाचला तरी ती ओळ थेट ९९ च्या पुढे दाखवते कारण शून्याने भागता येत नाही, म्हणून तिच्या एकटीच्या जिवावर निर्णय घेऊ नका.

वायरिंग बघताना मल्टिमीटर पुरतो. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हच्या कपलरला बहुतेक पाच पिना असतात, दोन मोटरच्या, तीन पोझिशन सेन्सरच्या. की ऑन करून सेन्सरच्या एका पिनवर ५ व्होल्ट, एकावर ग्राउंड, तिसऱ्यावर सिग्नल. व्हॉल्व्ह बंद असताना सिग्नल साधारण अर्धा ते दीड व्होल्ट आणि उघडताना सलग चढत जायला हवा, मध्ये खड्डा पडला तर सेन्सरचा ट्रॅक गेला. काही कंपन्यांत उलटा उतरतो. कुठली पिन कुठली हे डायग्रामवरूनच बघा, अंदाजाने नको, आणि वायरचं इन्शुलेशन टोचू नका, मागून बारीक पिन घाला. टोचलेल्या वायरमध्ये पावसाळ्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं होतं आणि सहा महिन्यांनी नवीनच फॉल्ट. टेस्ट लॅम्प तर ईसीयूच्या वायरला अजिबात नाही. मोटरवाल्या व्हॉल्व्हला बॅटरीचा डायरेक्ट करंट देऊन हलवून बघणारे आहेत, त्यात प्लॅस्टिकचे गिअर तुटतात.

तुमच्या गाडीला लागू नाही पण वाचणाऱ्यांत जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, टाटावाले असतील म्हणून सांगतो, ज्यांचा व्हॉल्व्ह व्हॅक्युमवर चालतो त्यांची टेस्ट अजून सोपी. हातपंपाने व्हॅक्युम द्यायचा, दांडी वर उचलली गेली पाहिजे आणि अर्धा मिनिट तरी काटा खाली यायला नको, आला तर आतला पडदा फाटलाय. गरम इंजिनवर आयडलला असंच केलं की इंजिनचा आवाज घुमा होतो, धूर वाढतो, पेट्रोल असेल तर बंदच पडायला येतं. काहीच फरक पडला नाही तर रस्ता बंद. पंपाकडून येणारा व्हॅक्युमही मोजा, नाशिकच्या उंचीवर हवेचंच प्रेशर ७१० मिलिमीटरच्या आसपास आहे त्यामुळे ७६० ची अपेक्षा नको, ६०० च्या वर आलं तर पंप ठीक आहे. बाकी उंदराने कुरतडलेली किंवा उन्हाने तडकलेली नळी हेच कारण जास्त वेळा निघतं.

हे सगळं करून रस्ता बंद आहे असंच निघालं तर मग खोला. इंजिन थंड, बॅटरीची मायनस काढलेली. खोलल्यावर लगेच स्प्रे मारू नका, आधी कार्बन बघा, तो बोलतो. कोरडा, भुसभुशीत, बोटाने झटकला जाणारा असेल तर जळण खराब आहे, हवा कमी पडतेय किंवा इंजेक्टर. डांबरासारखा ओला चिकट असेल तर ब्रीदरमधून किंवा टर्बोच्या सीलमधून तेल येतंय, ते थांबवलं नाही तर साफ केलेला व्हॉल्व्ह परत तसाच भरणार. साफ करताना व्हॉल्व्ह असा धरा की स्प्रे मोटरच्या बाजूला जाणार नाही, संपूर्ण पार्ट डिझेलमध्ये बुडवून ठेवायची पद्धत मोटरवाल्याला चालत नाही. सीटवर स्क्रू ड्रायव्हर घासू नका, लाकडाची काडी किंवा नायलॉन ब्रश. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, तो लांब ठेवा. साफ झाल्यावर बंद व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं डिझेल ओतून ठेवा, दुसऱ्या बाजूने थेंब गळायला लागले तर सीट बसत नाही, तेव्हा मात्र नवीन व्हॉल्व्हचे पैसे खर्च करायला हरकत नाही. मॅनिफोल्डचं तोंड आरशाने बघा, बऱ्याचदा व्हॉल्व्ह साफ करतात आणि पुढचा रस्ता करंगळीएवढा उरलेला असतो तो तसाच. गॅस्केट नवीन टाका, आणि बसवल्यावर स्कॅनरने बंद पोझिशन शिकवा, नाहीतर ईसीयू जुन्याच शून्यावरून मोजत राहतो.

कूलरबद्दल एकच पण गंभीर. कूलंट हळूहळू कमी होतंय, बाहेर कुठे गळती नाही, सकाळी स्टार्टला पांढरा धूर आणि गोडसर वास, असं असेल तर ईजीआर कूलर आतून फुटलेला असू शकतो. हीच लक्षणं हेड गॅस्केटची पण आहेत आणि कूलर न बघता हेड उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्यात, मालकाचा केवढा खर्च वाया. थंड इंजिनवर कूलिंग सिस्टीमला एक बारच्या आसपास प्रेशर द्या, कूलरचा गॅसकडचा पाइप सोडवा आणि आत बघा. काळ्या कार्बनमध्ये एखादा धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा किंवा ओल दिसली की सापडलं. अशी गाडी चालवत राहू नका, कूलंट सिलेंडरमध्ये साचलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता पत्रा. तुमच्या केसमध्ये पत्रा मारला तर होसची चीर तशीच राहणार, धूर तसाच, पिकअप तसाच, आणि एमएएफ पडायचा मार्गच बंद केल्याने पी०४०१ कायमचा. मग तो कोड सॉफ्टवेअरमधून मारायचे वेगळे पैसे. पीयूसीत पकडलं जात नाही हे खरं आहे कारण डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये हवा प्रदूषणाच्या नियमभंगाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आणि कायदा बाजूला ठेवा, नॉक्सवर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन बनतो, तो दमेकऱ्यांना त्रास देतो आणि पिकांनाही. द्राक्षाच्या पानांवर ओझोनमुळे गडद ठिपके पडतात हे कॅलिफोर्नियात १९५८ मध्येच नोंदवलं गेलंय. आपला जिल्हा द्राक्षावर जगतो, द्वारका चौकात रोज तासभर उभ्या राहणाऱ्या ट्रॅफिक हवालदाराला आणि रिक्षावाल्याला हीच हवा मिळते. मी पत्रा मारत नाही, मारलेला आला तर काढून देतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सिक्स डिझेलला तर हा विचारही करू नका, तिथे ईजीआर, डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर आणि नॉक्स कमी करणारी पुढची यंत्रणा सगळ्यांचा हिशोब एकमेकांवर चालतो, एक बंद केलं की गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे ईसीयू पॉवर मुद्दाम कमी करतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा ठेवा, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, एअर फिल्टर आणि दोन्ही होस बघा, की ऑनला एमएपी, गरम आयडलला एमएएफ आणि त्याची उडी, मग ॲक्च्युएटर टेस्ट, आणि यातून रस्ता बंद निघाला तरच खोलणं. गॅरेजवाल्याला "व्हॉल्व्ह बदलून द्या" असं सांगू नका, "उघडल्यावर एमएएफ किती पडतो ते मला स्क्रीनवर दाखवा" असं सांगा. जो दाखवेल त्याच्याकडे काम द्या.

काम झाल्यावर कोड क्लिअर करून गाडी पाथर्डी फाट्यावरून घोटीच्या बाजूला न्या, इंजिन पूर्ण गरम, थोडा वेळ ६०-७० ला एकसारख्या हलक्या रेसवर, मध्ये एक-दोनदा चौथ्याला पूर्ण रेस, मग रेस सोडून गिअरमध्येच गाडी मंद होऊ द्या. परत येऊन पेंडिंग कोड बघा, म्हणजे लाइट लागायच्या आधीच ईसीयूने नोंदवून ठेवलेला कोड. हा कोड बऱ्याच गाड्यांत दोन वेळा फॉल्ट दिसल्यावरच लाइट लावतो, त्यामुळे लाइट नाही म्हणजे बरं झालं असं नाही, पेंडिंगमध्ये तो आधीच बसलेला असू शकतो. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनपासून तेवढीच फेरी परत मारा आणि पुन्हा पेंडिंग बघा, दोन्ही वेळा रिकामं आलं की गाडी दुरुस्त झाली म्हणायचं.